इग्नोमिनिअस : नाव गेलं की नाक गेलं?

सेक्रेटरी_नाइलाजाने

मंडळी, एका इंग्रजी शब्दाने आठवडाभर डोकं खाल्लंय, म्हणून धागा काढतोय.

इंदिरानगरातली आमची सोसायटी. दोन विंग, ३२ फ्लॅट. मी सेक्रेटरी, कारण मागच्या वार्षिक सभेला मी उशिरा पोचलो आणि पोचेपर्यंत माझी बिनविरोध निवड झालेली होती. जूनमध्ये ए विंगच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडालं आणि फुटलं. नवं घ्यायचं तर तीन कोटेशनं हवीत, हे खजिनदारांचं म्हणणं. दोन आली. तिसऱ्याची वाट बघत आम्ही टाकीवर प्लायवूडची फळी टाकली, वर दोन विटा ठेवल्या. ऑगस्टमध्ये पाण्याला वास यायला लागला. प्लंबर वर चढला, फळी सरकवली, आत वाकून बघितलं आणि मान न वळवता म्हणाला, "साहेब, बादली द्या." बादलीतून कबूतर निघालं. याहून जास्त वर्णन करत नाही, काही जण जेवताना वाचत असतील.

बी विंगमध्ये प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आहेत (कुठला प्रेस ते नाशिककरांना सांगायला नको). त्यांनी समितीला इंग्रजीत पत्र दिलं. दीड पान, भाषा सभ्य, पण तिसऱ्या परिच्छेदात समितीच्या वागण्याला 'इग्नोमिनिअस कंडक्ट' म्हटलंय. खजिनदारांनी मोबाईलवर अर्थ शोधला, तिथे 'कलंकित' आलं आणि ते भडकले. "म्हणजे मी पैसे खाल्ले, असं म्हणायचंय का यांना?" काका म्हणतात, शब्द मागे घेणार नाही. खजिनदार म्हणतात, शब्द आहे तसा इतिवृत्तात टिपा, पुढे बघून घेतो. इतिवृत्त मराठीत असतं आणि ते लिहिणार मी.

तर या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून, आणि मराठीत काय लिहू म्हणजे दोघांपैकी कोणी माझ्या दारात येणार नाही?

मिसळीवरचा_कट

मूळ प्रश्न बाजूला. कबूतर ए विंगच्या टाकीत, मग पत्र बी विंगमधून कसं?

सेक्रेटरी_नाइलाजाने

दोन्ही टाक्या खालून पाइपने जोडलेल्या आहेत.

मिसळीवरचा_कट

अरे देवा.

लॅटिनचा_ल

शब्द सुंदर आहे, प्रसंग काहीही असो. आधी उच्चार: इग्-न-मि-निअस, जोर 'मि'वर. त्याचं नाम इग्नमिनि, तिथे मात्र जोर पहिल्या 'इग्'वर. तुम्ही शीर्षकात 'इग्नो' लिहिलंय ते वाचायला सोपं आहे, राहू द्या.

लॅटिनमध्ये 'नोमेन' म्हणजे नाव. त्याला मागे नकाराचा 'इन्' लावला की 'इग्नोमिनिया', म्हणजे नाव जाणं, नाव उरलं नसणं. मधला 'ग्' हा 'जाणणे' या अर्थाच्या 'ग्नोस्को' कुळातल्या शब्दांच्या वळणावर गेल्यामुळे आला असं मानतात. त्या 'ग्नोस्को'चा आणि आपल्या 'ज्ञा'चा धातू एकच. 'नोमेन' आणि संस्कृत 'नामन्' तर उघडउघड भावंडं. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचच्या वाटेने पंधराव्या शतकात आला.

गंमत अशी की ग्रीकमधून आलेल्या 'अनॉनिमस'चा अर्थही 'बिननावाचा' असाच. घडण तीच, नकार आणि नाव. पण एकाचा अर्थ झाला अनामिक, त्यात काही वाईट नाही. दुसऱ्याचा झाला बेअब्रू. मुळात नाव नसणं वेगळं आणि असलेलं नाव घालवणं वेगळं. तुमच्या काकांनी पत्र सही करून दिलंय ना? म्हणजे ते अनॉनिमस नाहीत आणि समिती इग्नोमिनिअस आहे. दोन्ही हिशेब चोख.

सराफबाजार

वरचा प्रतिसाद आवडला. मराठीत नाव या चिजेचे हाल बघा. मुलाचं नाव ठेवलं की बारसं, पण त्याला नावं ठेवली की निंदा. एका अनुस्वाराचा फरक. पोराने नाव काढलं म्हणजे कौतुक, आणि 'त्याचं नाव काढू नका' म्हणजे विषय संपला. नाव घेतलं तर उखाणा. नाव बुडवलं, घालवलं, टाकलं आणि शेवटी नावाला बट्टा लावला.

बट्टा हा आमच्या धंद्यातला शब्द बरं का. झिजलेलं किंवा दुसऱ्या टांकसाळीचं नाणं घेऊन कोणी आलं की सराफ त्यातून काही कापून घ्यायचा, ते कापणं म्हणजे बट्टा. नाणं चालतंय, खोटं नाहीये, पण त्याची पूर्ण किंमत कोणी देणार नाही. नावाला बट्टा लागतो तोही तसाच. माझ्या मते खजिनदारांना हे पटायला हरकत नाही, हिशेबातला माणूस आहे.

नासिका

नाशिकच्या धाग्यावर नावाची चर्चा चालू आहे आणि नाकाचं नाव कोणी काढत नाही! अहो, लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते इथे, पंचवटीत, आणि त्यावरून गावाला नाव पडलं असं आपण लहानपणापासून ऐकतो. (नऊ शिखरांवरून 'नवशिख' अशीही एक व्युत्पत्ती सांगतात, पण ती सांगताना कोणाचे डोळे चमकत नाहीत.) रोमन माणसाची अब्रू नावात असेल, आपली नाकात असते. नाक कापलं, नाक खाली गेलं, नाक घासायला लावलं, नाक मुठीत धरून जावं लागलं. आणि जे नाकाने कांदे सोलतात त्यांचं तर लासलगावपर्यंत नाव आहे.

लिहून टाका इतिवृत्तात: 'समितीने सोसायटीचे नाक कापले.' नाशिकच्या सोसायटीला याहून स्थानिक भाषांतर मिळणार नाही.

सेक्रेटरी_नाइलाजाने

ताई, ते उपनिबंधकांकडे जातं.

शब्दांची_कुस्ती

एवढा काथ्याकूट कशाला? सरळ 'नामुष्की' आहे की! नाम + उष्की. 'नाम' म्हणजे नाव, इग्नोमिनिअसमध्येही नाव. फिट्टं फाट.

मोडीवाचक

फाट नाही, फसगत. 'उष्की' म्हणजे काय, सांगाल का? नामुष्की, नामोशी या शब्दांचा 'नाम'शी संबंध नाही. ते फारसीतल्या 'नामूस'वरून आले. नामूस म्हणजे अब्रू, इज्जत. उर्दूत आजही त्याच अर्थाने चालतो. फारसीत तो अरबीतून आला आणि अरबीत ग्रीकमधून. ग्रीक 'नोमोस' म्हणजे कायदा, रीत. म्हणजे तुमच्या नामुष्कीत नाव नाहीच, रीतभात आहे. आपण शब्द घेतला आणि अब्रूचा अर्थ पार उलटवून बेअब्रू करून टाकला, ही कामगिरी मात्र आपली.

नावाचं खरं नातं हवं असेल तर 'बदनाम' घ्या. त्यातला फारसी 'नाम', संस्कृत 'नामन्', लॅटिन 'नोमेन' आणि इंग्रजी 'नेम' एकाच घरातले. पण बदनाम म्हणजे इग्नोमिनिअस नव्हे, ते पुढे लिहितो. आत्ता लाइट गेलेत.

शब्दांची_कुस्ती

चितपट. मान्य.

देवळालीकॅम्प

मी तोफखान्यातून निवृत्त, तेव्हा फौजेची बाजू मांडतो. रोमन सैन्यात शिपायाला सोडायचे तीन प्रकार होते. मुदत पुरी करून मानाने, आजारपणामुळे, आणि तिसरा 'मिस्सिओ इग्नोमिनिओसा', म्हणजे नाव घालवून. तिसऱ्या प्रकारे निघालेल्याला निवृत्तीचे लाभ नाहीत आणि खुद्द रोम शहरात राहायला बंदी. तेव्हा हा शब्द म्हणजे नुसती भावना नव्हती, कागदावरचा शेरा होता.

आपल्या १९५० च्या सैन्य कायद्यात अधिकाऱ्याला अशा अपमानास्पद रीतीने काढण्याला 'कॅशिअर' करणे म्हणतात. बँकेतल्या कॅशियरशी त्याचं काही नातं नाही. तो पेटीवरून आलेला, हा मोडण्याच्या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून डचमार्गे आलेला. हे तुमच्या खजिनदारांना सांगू नका, आणखी एक सभा लावावी लागेल.

आणि इंग्रजीला विशेषणं पुरवण्यात आपणही मागे नाही. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई इथल्या छावणीत महिनोन् महिने पडून असायचे, उन्हाने आणि रिकामपणाने भ्रमिष्ट व्हायचे. त्यावरून डोकं फिरलेल्याला 'डूलॅली' म्हणायची पद्धत पडली. डूलॅली म्हणजे देवळाली. पूर्ण रूप 'डूलॅली टॅप', त्यातला टॅप हा आपला ताप.

मिसळीवरचा_कट

तिसऱ्या कोटेशनची तीन महिने वाट बघणाऱ्यांना हेच विशेषण लावा. भांडण मिटेल, गावचा शब्द गावात राहील.

लॅटिनचा_ल

देवळालीकॅम्प यांनी शेऱ्याचा विषय काढला म्हणून एक भर घालतो, आणि मला वाटतं तुमच्या भांडणाची किल्ली इथेच आहे.

फौजेबाहेर, साध्या नागरिकावर हा शेरा मारायचा अधिकार रोममध्ये सेन्सॉर नावाच्या दोन अधिकाऱ्यांना होता. (सिनेमाचा सेन्सॉर त्यांचाच वारस.) ते नागरिकांची यादी करायचे आणि वागणं पसंत नसलं तर नावापुढे खूण करायचे. त्या खुणेमुळे जे यायचं ते इग्नोमिनिया. आता खूण कशाकशासाठी? चोरीसाठी नव्हे, चोरीला न्यायालय होतं. शेत नांगरलं नाही, तण माजू दिलं, तर खूण. सरकारी घोडा मिळालेल्या स्वाराने घोडा हडकुळा ठेवला, तर खूण. थोडक्यात, जे तुमच्यावर सोपवलं होतं त्याची हेळसांड केली म्हणून. पुढच्या खेपेचे सेन्सॉर ती खूण पुसूही शकत.

काकांना हे माहीत असेल नसेल, पण टाकीच्या झाकणाला याहून चपखल शब्द मला सुचत नाही. पैसे खाल्ल्याचा आरोप त्यात नाही. घोडा हडकुळा ठेवल्याचा आहे.

सेक्रेटरी_नाइलाजाने

हे वाचून बरं वाटलं. खजिनदारांना आत्ताच फॉरवर्ड केलं. त्यांचं उत्तर: "घोडा कोणाला म्हणतो?"

वकिलीबाणा

कायद्याचं एवढंच. अब्रुनुकसानी पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. ज्याला दखल घ्यायचा अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार अपवादात बसते. सभासदाने समितीला दिलेलं पत्र, तेही डोळ्यांदेखत कबूतर निघाल्यावर. 'पुढे बघून घेतो'मधलं पुढे फार लांब नाही, असं त्यांना सांगा. सल्ला फुकट आहे, त्या बेताने घ्यावा.

मोडीवाचक

लाइट आले. राहिलेलं लिहितो: बदनाम आणि इग्नोमिनिअस यांतला फरक.

आनंदवल्लीवरून जाताना मला तो नेहमी आठवतो. रघुनाथराव आणि आनंदीबाई तिथे राहिले, वस्तीला नावही बाईंचंच. नारायणरावांचा खून १७७३ चा. 'धरावे'चं 'मारावे' बाईंनी केलं, ही गोष्ट प्रत्येक मराठी पोराला पाठ आहे. त्यातली किती पुराव्याला उतरते हा भाग वेगळा. पण 'ध चा मा' अडीचशे वर्षं त्यांच्या नावाला चिकटून आहे. याला इंग्रजीत 'इन्फमस' म्हणतात. नाव जात नाही. उलट नको त्या कारणासाठी कायम राहतं. (उच्चार इन्-फ-मस. 'इनफेमस' नव्हे, आणि अर्थ 'प्रसिद्ध नसलेला' तर अजिबात नव्हे. माझ्या भाच्याने एका हॉटेलाबद्दल 'इनफेमस पण छान' असं लिहिलं होतं.)

आता त्याच गोष्टीचं दुसरं टोक बघा. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून तळेगावपर्यंत आली. मराठ्यांनी समोर येऊन एक मोठी लढाई देण्याऐवजी रसद तोडली आणि पुढचा मुलूख ओसाड केला. इंग्रजांनी रात्री जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान जाळलं आणि गुपचूप मागे फिरले. गुपचूप कसले, वडगावला कोंडले गेले. जानेवारी १७७९ मध्ये तिथे तह करून जीव सोडवला. पुढे कंपनीने कारनॅक, एगर्टन, कॉकबर्न या तिघांना कामावरून काढलं आणि वॉरन हेस्टिंग्जने तह मानायला नकार दिला.

याला म्हणतात इग्नोमिनिअस. तोफा तळ्यात ढकलणारी ती रात्र डोळ्यांसमोर आणा. गुन्हा कोणीही केलेला नाही. ऐटीत निघाले आणि मान खाली घालून परतले. म्हणून इंग्रजीत हे विशेषण बहुतेक वेळा माणसाला लागत नाही, घटनेला लागतं: पराभव, माघार, गच्छंती, शेवट. 'तो मनुष्य इग्नोमिनिअस आहे' असं आज कोणी म्हणत नाही, कानाला खटकतं. काकांनी वागण्याला लावलंय, ते चालतं.

गोल्फक्लब_ग्राउंड

सोपं उदाहरण: ॲडलेड, १९ डिसेंबर २०२०, भारताचा डाव ३६ वर आटोपला. तोफा तळ्यात. तीच मालिका पुढे २-१ ने जिंकली, ते सेन्सॉरने खूण पुसली म्हणायचं.

रामकुंडावरून

मी पट्टी देतो. गोदेला पूर आला की आपण आकडे विचारत नाही, पाणी गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं ते विचारतो. तसंच हे. पायाशी आलं तर 'अयोग्य'. गुडघ्याला 'लाजिरवाणं'. कमरेला 'निंद्य'. छातीला 'नामुष्की'. गळ्याला 'लांच्छनास्पद'. डोक्यावरून गेलं की 'माणुसकीला काळिमा', ते पेपरवाले खून-बलात्काराला वापरतात, तिथे कबूतर नेऊ नका. मोबाईलने 'कलंकित' सांगितलं ते गळ्याच्या वरचं. काकांचा शब्द छातीचा आहे.

बाकी लाजिरवाणं आणि निलाजरं यांतही लोक घोटाळा करतात. लाजिरवाणं असतं कृत्य, निलाजरा असतो तो करणारा. तुमचे खजिनदार एवढे भडकले, यावरून ते निलाजरे नाहीत हे नक्की.

खप्पामर्जी

धागा वाचून एक जुनी शंका. मग 'डिसग्रेस' कुठून? त्यात ग्रेस म्हणजे लावण्य का?

लॅटिनचा_ल

लावण्य नव्हे, मर्जी. इटालियन 'दिसग्रात्सिया'. दरबारात मर्जीतून उतरणं. तुम्ही आयडीच त्याचा घेतलाय की राव.

आजीची_शाळा

मी चाळीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून थोडं बोलते. शब्द सगळे छान झाले. नामुष्की घ्यावा हेच माझं मत, व्युत्पत्ती नावाची नसली तरी आज वजन तेच आहे. पण बाळा, वाक्य करून बघितलंस का?

इंग्रजीत विशेषण नामाच्या मागे बसवलं की काम झालं. 'इग्नोमिनिअस कंडक्ट', पुढे कोणी काही विचारत नाही. मराठीत नामुष्की नुसती बसत नाही, ती येते किंवा ओढवते. आणि ओढवते म्हटलं की लगेच प्रश्न: कोणावर? तो 'वर' लिहिल्याशिवाय तुझं वाक्य पुरं होणार नाही. 'समितीच्या हलगर्जीपणामुळे अमुकवर नामुष्की ओढवली.' अमुकच्या जागी काय लिहिणार ते आधी ठरव. तुझं खरं भांडण त्या जागेचं आहे, विशेषणाचं नाही.

सेक्रेटरी_नाइलाजाने

बाई, हे डोक्यातच आलं नव्हतं. 'समितीवर' लिहिलं तर नामुष्की आमची आणि दोषही आमचाच, म्हणजे फक्त सात जणांचा प्रश्न. 'सोसायटीवर' लिहिलं तर आम्ही सात जणांनी ३२ घरांना खाली बघायला लावलं. 'सभासदांवर' लिहिलं तर तिसराच अर्थ. जागा कोरी ठेवून सभेत नेतो. रविवारी सभा आहे.

नासिका

काय झालं ते कळवा. आणि नाकाचा पर्याय अजून खुला आहे.

सेक्रेटरी_नाइलाजाने

धागा वर काढतो. सभा झाली. कोरमअभावी अर्धा तास तहकूब करून, नेहमीप्रमाणे त्याच लोकांना घेऊन पुन्हा सुरू केली.

पत्र वाचलं. मग मसुदा वाचला आणि 'वर'च्या आधी थांबलो. विचारलं, इथे काय लिहू? एक मिनिट कोणी बोललं नाही, पंख्याचा आवाज तेवढा. मला वाटलं होतं काका 'समितीवर' म्हणणार. ते उठले आणि म्हणाले, "सोसायटीवर लिहा. श्रावणात माझ्याकडे सत्यनारायण होता. त्या पाण्यात मी तीर्थ केलं आणि ३० माणसांना दिलं. लाज मला वाटली, तुम्हाला नाही, म्हणून पत्र लिहिलं."

खजिनदार तीर्थाला गेले होते. मीही गेलो होतो.

खजिनदारांनी एवढंच विचारलं, की 'हलगर्जीपणामुळे'च्या जागी 'दिरंगाईमुळे' चालेल का. काका म्हणाले चालेल. इतिवृत्तात असं गेलं: 'समितीच्या दिरंगाईमुळे सोसायटीवर नामुष्की ओढवली, असे मत एका सभासदाने लेखी मांडले. सभेने त्याची नोंद घेतली.' खाली दोघांच्याही सह्या आहेत.

मिसळीवरचा_कट

ते सगळं ठीक. झाकण बसलं का?

सेक्रेटरी_नाइलाजाने

बसलं. काकांनी द्वारका सर्कलवरून रिक्षात घालून आणलं, बिल खजिनदारांनी उभ्या उभ्या दिलं. तिसरं कोटेशन काल आलं.